वयापुढे वाचणाऱ्या मुलासाठी जादूच्या आणि शिलेदारांच्या गोष्टी कशा निवडाव्यात

मूल चौथी-पाचवीतलं. फास्टर फेणे वाचून झालाय, ‘किशोर’चा अंक घरात आला की तासाभरात संपतो, आणि आता त्याला ड्रॅगन हवेत, किल्ले हवेत, चिलखतातले योद्धे हवेत. आईवडील सोलापूरच्या नवी पेठेत जातात आणि मुखपृष्ठावर तलवार असलेलं त्यातल्या त्यात जाड पुस्तक घेऊन येतात. पंधरा दिवसांनी ते पलंगाखाली सापडतं, चाळिसाव्या पानावर बसचं तिकीट खोवलेलं. किंवा त्याहून वाईट, पूर्ण वाचलेलं सापडतं, आणि मूल आठवडाभर दिवा लावून झोपतं.

दोन्ही वेळा घोळ एकच असतो. अशा मुलाची भाषा तेरा वर्षांची असली तरी मन नऊ वर्षांचंच असतं. वाक्य कळतं, पण वाक्यातलं दुःख किंवा क्रौर्य झेपत नाही. म्हणून ‘पुढचं वाचतोय ना, मग मोठ्यांचं द्या’ हा हिशेब चुकतो. वर चढण्याऐवजी आडवं सरकायचं: मुलांसाठीच लिहिलेली, पण जुनी, सावकाश चालणारी, भाषेने भरलेली पुस्तकं शोधायची. अशी पुस्तकं भरपूर आहेत, फक्त दुकानाच्या दर्शनी फळीवर नसतात.

आधी मूल कुठे आहे ते बघा

चाचणी पहिल्या पानावर घेऊ नका. पहिलं पान लेखकाने घासूनपुसून लिहिलेलं असतं. एकूण पानांच्या तिसऱ्या हिश्शावर उघडा, म्हणजे २४० पानांचं पुस्तक असेल तर ८०व्या पानावर. एक अख्खं पान मनात वाचू द्या आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायला सांगा. दोनपर्यंत बोटं दुमडली तर पुस्तक सोपं आहे, सुट्टीत लोळून वाचायला ठीक. तीन ते पाच म्हणजे नेमकं. सहा किंवा जास्त झाली तर पुस्तक परत ठेवू नका, पण ते एकट्याने वाचायचं नाही, घरातल्या मोठ्याने वाचून दाखवायचं. चिलखत, भाले, किल्ल्याचे भाग यांचे शब्द मात्र मोजू नका. ते कुणालाच येत नसतात, त्यांची सोय पुढे सांगितली आहे.

मग पुस्तक मिटून दोन प्रश्न विचारा. आत्ता या माणसाला काय हवंय? आणि तू त्याच्या जागी असतास तर काय केलं असतंस? पहिल्याचं उत्तर आलं नाही तर गोष्ट कळलेली नाही. दुसऱ्याचं आलं नाही तर कळली आहे, पण पकडलेलं नाही. तेव्हा दुसरं पुस्तक बघा.

मोठ्याने वाचायला लावून अंदाज बांधू नका. इंग्रजी किंवा सेमी-इंग्रजीतली बरीच मुलं घडाघडा वाचतात आणि पानाच्या शेवटी काय झालं विचारलं की आढ्याकडे बघतात. उच्चार आणि समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय सोलापुरात घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी आणि शाळेत इंग्रजी हा प्रकार नवा नाही. अशा मुलाची वाचनाची तीन वेगवेगळी वयं निघतात. प्रत्येक भाषेची चाचणी वेगळी घ्या. इंग्रजीत तिसरीच्या पातळीवर असलेलं मूल मराठीत नववीचं वाचत असेल तर मोठी गोष्ट मराठीतून द्यायची आणि इंग्रजीतून छोटी. उलटंही तसंच.

इंग्रजी पुस्तकांच्या माहितीत कधीकधी लेक्साइल नावाचा आकडा असतो. ‘द हॉबिट’चा १०००, पहिल्या हॅरी पॉटरचा ८८०. हा आकडा वाक्याची लांबी आणि शब्द किती नेहमीचे आहेत एवढंच मोजतो. पानावर कुणाचा गळा चिरला जातोय की कुणी पाव भाजतंय, हे त्याला कळत नाही. त्यावर एकट्यावर विसंबलात तर छोट्या सोप्या वाक्यांत लिहिलेलं मोठ्यांचं पुस्तक लहानांचं ठरतं.

जाडीचा हिशेब मात्र करून ठेवा. नऊ-दहा वर्षांचं तरबेज मूल मिनिटाला साधारण १५० शब्द मनात वाचतं असं धरा. पहिला हॅरी पॉटर सुमारे ७७,००० शब्दांचा आहे, म्हणजे साडेआठ तास. रोज रात्री अर्धा तास धरला तर सतरा रात्री. ‘द हॉबिट’ ९५,००० शब्दांच्या आसपास, म्हणजे तीन आठवडे. वाचनालयाची मुदत आणि शाळेच्या परीक्षा बघून हे आधीच जुळवा. सहामाहीच्या आदल्या आठवड्यात सुरू केलेलं जाड पुस्तक हमखास सुटतं.

त्याला नेमकं काय आवडतं

‘फँटसी आवडते’ हे उत्तर पुरेसं नाही. कुणाला तलवारबाजी हवी असते, कुणाला नकाशा, कुणाला जादूचे नियम, कुणाला नुसता विनोद. विचारायची सोपी युक्ती: आवडलेल्या गोष्टीतला कुठला भाग परत वाचलास? लढाई सांगितली तर जादू नसलेलं किंवा कमी जादूचं शिलेदारी, म्हणजे युरोपातल्या नाइटांचं, पुस्तक द्या. शाळेतल्या खोड्या सांगितल्या तर जादूची शाळा. प्रवास सांगितला तर नकाशा असलेलं. जेवणावळी सांगितल्या (असं सांगणारी मुलं निघतात, आणि त्यांचा अंदाज बरोबर असतो) तर ब्रायन जॅक्सची रेडवॉल मालिका. पहिला भाग १९८६चा, मठातले उंदीर तलवारी घेऊन लढतात आणि मधून मधून पानभर पंगती उठतात. मालिका बावीस पुस्तकांची आहे आणि साचा बराचसा तोच. तीन-चार झाली की पुरे.

झेपेल का, ते दहा मिनिटांत तपासायचं

अख्खं पुस्तक आधी वाचायला सवड कुणाला असते? तीन जागा बघा. अनुक्रमणिका, कारण प्रकरणांची नावं बरंच बोलतात. दोन तृतीयांशावरची वीस पानं, कारण बहुतेक साहसकथांत सगळ्यात वाईट काय ते तिथेच घडतं. आणि शेवटची तीस पानं. मरतं कोण, कसं, आणि नंतर कुणी त्या मरणाला उत्तर देतं का, हे एवढ्यात कळतं. मुलांना मरण चालतं. अनाथ पडलेलं मरण त्रास देतं.

आर्थर राजाच्या गोष्टींत हा प्रश्न हमखास येतो. लहानपणी ऐकलेली गोष्ट म्हणजे दगडातली तलवार आणि गोल मेज. पण मूळ कथेत आर्थरचा जन्मच मर्लिनच्या जादूने केलेल्या फसवणुकीतून झाला आहे, राणी आणि लान्सलॉट या शिलेदाराचं प्रकरण आहे, आणि मॉर्ड्रेड हा आर्थरला सावत्र बहिणीपासून झालेला मुलगा आहे. टॉमस मॅलरीचं ‘ल मोर्त दार्तूर’ कॅक्स्टनने १४८५ साली छापलं, त्यात हे सगळं सरळ येतं. मुलांसाठी सांगताना लेखक त्यातलं काही गाळतात, काही झाकतात. रॉजर लॅन्सेलिन ग्रीनचं १९५३चं पुस्तक दहा-अकराच्या वाचकाला नीट बसतं. ‘संपूर्ण’ अशी पाटी दिसली तर अजून चार वर्षं थांबा.

टी. एच. व्हाइटचं ‘द सोर्ड इन द स्टोन’ (१९३८) हे आर्थरच्या लहानपणाचं विनोदी, चतुर पुस्तक. मर्लिन पोराला मासा करतो, पक्षी करतो, आणि त्यातून शिकवतो. वयापुढे वाचणाऱ्या मुलासाठी ते सोनं आहे. पण ते १९५८च्या मोठ्या एकत्रित खंडाचा पहिला भाग म्हणूनही मिळतं, आणि त्या खंडाचा दुसरा भाग सुरू होताच एक राणी जिवंत मांजर उकळते. पहिला भाग सुटा घ्या.

आणखी एक सापळा. जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या पुस्तकांवर ढाल-तलवार-मुकुट सगळं असतं, टीव्हीवरच्या मालिकेमुळे नावही घरोघरी झालंय. ती मोठ्यांची पुस्तकं आहेत. दुकानदाराने ‘फँटसीच आहे की’ म्हटलं तरी परत ठेवा.

सुरुवातीची सात-आठ पुस्तकं, आणि प्रत्येकात कुठे अडतं

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला केट डिकॅमिलोचं ‘द टेल ऑफ डेस्परॉ’ (२००३, पुढच्या वर्षी अमेरिकेतलं बालसाहित्याचं न्यूबरी पदक). किल्ल्यातला एक मोठ्या कानांचा उंदीर राजकन्येवर जीव लावतो. त्याला तळघरात धाडताना गळ्यात लाल दोरा बांधतात, आणि पुढे तो सुताचं रीळ ढकलत त्याच तळघरात परत जातो. ज्याच्या घरात माग आहे त्या पोराला रीळ म्हणजे काय हे समजवावं लागत नाही. प्रकरणं पन्नासएक, दोन-चार पानांची. अडतं ते एका जागी. मिगरी सो नावाच्या नोकर मुलीला कानावर मार खावा लागतो, आणि हळव्या मुलांना ते लागतं. तो भाग शेजारी बसून वाचा.

सी. एस. लुईसची नार्निया, सात भाग, १९५० ते १९५६. हल्लीच्या संचांवर ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ला पहिला क्रमांक असतो, कारण गोष्टीच्या काळाने ते आधी येतं. छापून आलं ते १९५५ला. सुरुवात ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’नेच करा. कपाटातून बर्फात जाण्यातली गंमत आधी सगळं कळलेल्या मुलाला राहत नाही. ‘द हॉर्स अँड हिज बॉय’मधले दक्षिणेकडचे सावळे, पागोटेवाले लोक जवळजवळ सगळे कपटी दाखवलेत. पुस्तक लपवू नका, पण ‘यात आपल्यासारखे दिसणारे लोक कसे रंगवलेत बघ’ एवढं म्हणा. अशा मुलाला त्यावर बरंच बोलायचं असतं.

शिलेदारीसाठी एकच घ्यायचं असेल तर टोंके ड्राख्त या डच लेखिकेचं ‘द लेटर फॉर द किंग’. मूळ १९६२चं, इंग्रजीत आलं २०१३ला. सोळा वर्षांचा टियुरी. उद्या सकाळी त्याला शिलेदारी मिळणार. आजची रात्र देवघरात जागून काढायची. बोलायचं नाही, बाहेर जायचं नाही, कुणालाही दार उघडायचं नाही. मध्यरात्री कुणीतरी दार ठोठावतं आणि देवाच्या नावाने मदत मागतं. इथे पुस्तक मिटा आणि विचारा: तू उघडलं असतंस? मुलं दोन्ही बाजूंनी तावातावाने भांडतात. जाड आहे, पण जादू जवळपास नाही, रक्त बेताचं, आणि वचन पाळणं म्हणजे काय हे भाषण न देता कळतं. मधल्या शंभर पानांत चालणं फार आहे. त्या वेळी वहीत नकाशा काढायला लावला की मूल पार होतं.

‘द हॉबिट’ (१९३७) एकोणीस प्रकरणांचं. पहिलं प्रकरण रेंगाळतं, तेरा बुटक्यांची नावं डोक्यात बसत नाहीत. ते तुम्ही वाचून दाखवा. पाचव्या प्रकरणात अंधारातली कोडी येतात आणि तिथून पुढे ढकलावं लागत नाही. आठव्यातले कोळी रात्री झोपताना नकोत. गाणी गाळली तर चालतं, परत वाचताना मूल आपणहून वाचतं. पण ‘द हॉबिट’ संपलं की लगेच ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हातात देण्याची घाई नको. ती त्याच लेखकाची, पण वेगळ्या वाचकासाठी लिहिलेली आहे. पहिल्या खंडात एल्रॉन्डच्या सभेचं लांबलचक प्रकरण आहे, तिथे बारा वर्षांखालची भलीभली थांबतात. मराठीत वाचणाऱ्यांसाठी मुग्धा कर्णिकांचा अनुवाद ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने आहे, तोही थोडं मोठं झाल्यावर.

उर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) दोनशे पानांच्या आसपास, म्हणून लोक लहान मुलाला देतात. ते लहान नाही, आटीव आहे. संवाद कमी, प्रत्येक वाक्यात काम भरलेलं. शाळेतला एक हुशार पोरगा दुसऱ्याला दाखवून द्यायला म्हणून मंत्र टाकतो आणि एक सावली मोकळी सोडतो. वर्गात पहिला येणाऱ्या मुलाला हे पुस्तक जितकं लागतं तितकं दुसरं क्वचित. अकराच्या पुढे.

जॉन फ्लॅनगनची ‘रेंजर्स अप्रेंटिस’ (पहिला भाग २००४) इंग्रजीत बिचकणाऱ्यांना फार सोयीची. वाक्यं सरळ, प्रकरणं छोटी. तिसऱ्या भागात नायकाला गुलामीत नशेच्या पाल्याची सवय लावली जाते, हे आधी माहीत असू द्या. मुलीला नायिका हवी असेल तर टमोरा पिअर्सचं ‘फर्स्ट टेस्ट’ (१९९९). सगळ्यांसमोर शिलेदारी शिकायला आलेली मुलगी, आणि एक वर्ष तिला ठेवायचं की नाही यावर चाललेली ओढाताण. याच लेखिकेची ‘अ‍ॅलॅना’ जास्त प्रसिद्ध आहे, पण तिच्या नंतरच्या भागांत नायिका मोठी होते आणि नातीही मोठ्यांची होतात.

हॅरी पॉटरबद्दल फार सांगायला नको. मराठीत सगळे भाग आहेत, पहिला ‘हॅरी पॉटर आणि परीस’. नऊ वर्षांच्या मुलाला तीन भाग देऊन थांबा. चौथ्याच्या शेवटी शाळेतला एक मुलगा मारला जातो आणि पुढे काळोख वाढतच जातो.

मराठीत आणि हिंदीत

‘मराठीत असलं काही नाही’ असं सहज बोललं जातं. नाथमाधवांचं (१८८२ ते १९२८) ‘वीरधवल’ मागून बघा. राजपुत्र, कपट, गुप्त वाटा, तलवारी, सगळा मसाला. गो. ना. दातारांच्या ‘कालिकामूर्ती’ आणि ‘इंद्रभुवनगुहा’ त्याच जातीच्या, रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांवरून मराठी मातीत आणलेल्या. वाक्यं लांब, शब्द जुने, म्हणून पहिली वीस पानं आजोबांनी वाचून दाखवायची. कान बसला की मूल पुढे एकटं जातं. दातारांत भीती आणि शृंगार दोन्ही थोडे जास्त आहेत, सातवी-आठवीच्या आत नकोत.

हिंदी बरं असेल तर देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ (१८८८). त्यातले ऐयार म्हणजे वेषांतर करणारे हेर. खांद्याला बटवा, त्यात बेशुद्ध करायची पूड आणि शुद्धीवर आणायचा लखलखा. हा बटवा वाचल्यावर मुलं तो घरात तयार करतात, तेव्हा हळद-तिखटाच्या डब्यांवर लक्ष ठेवा.

‘अरेबियन नाइट्स’ घेताना फार जपून. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ वेगळ्या, आणि गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजी भाषांतरावरून केलेले सोळा खंड वेगळे. ते सोळा खंड मोठ्यांचे आहेत, न गाळलेले. मुलांसाठी केलेला एखादा छोटा संच निराळा बघा.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आजी-आजोबांनी ‘चंदामामा’ वाचलेला असतो. ‘चांदोबा’ हे त्याचंच मराठी भावंड. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ दोन्ही भाषांत एकच. आजीने तेलुगूतून सांगायची आणि पोराने मराठीतून वाचायची, अशी जोडी फार चांगली जमते.

विकत घेताना

आतलं शीर्षकाचं पान बघा. त्यावर ‘अ‍ॅब्रिज्ड’, ‘रिटोल्ड’, ‘अडॅप्टेड’ यांपैकी काही छापलं असेल तर पुस्तक कापलेलं किंवा नव्याने सांगितलेलं आहे. नव्याने सांगितलेलं वाईट नसतं, वर ग्रीनचं नाव घेतलंच आहे. कापलेलं मात्र या मुलाला नको. वॉल्टर स्कॉटचं ‘आयव्हान्हो’ शंभर पानांत मिळतं. त्यात घटना उरतात, माणसं जातात, आणि मूल म्हणतं की कळलं पण मजा नाही आली.

फुटपाथवरची किंवा फार स्वस्त प्रत चोरटी छपाई असू शकते. प्रत हातात घेऊन पान क्रमांक सलग आहेत का बघा, निदान दर सोळा पानांनी. पुस्तक फॉर्माफॉर्माने बांधतात, एक फॉर्म गळला की सोळा पानं एकदम जातात, आणि ती नेमकी लढाईतली असतात. शाई फिकट, नकाशा काळा डाग झालेला असेल तर सोडून द्या. अशा गोष्टींत नकाशा शोभेचा नसतो, मूल दर दहा पानांनी त्याच्याकडे परततं.

सातचा संच कधीही पहिल्या फटक्यात नको. पहिला भाग घ्या, तो संपून दुसऱ्याची मागणी आली की दुसरा. जूनमध्ये दुकानं वह्या-पाठ्यपुस्तकांनी भरलेली असतात, तेव्हा कुणी नीट शोधून देत नाही. ऑगस्टनंतर जा. पुण्याला कुणी हुतात्मा एक्स्प्रेसने जाणार असेल तर ‘एखादं चांगलं पुस्तक आण’ असं न सांगता नाव, लेखक आणि भाग क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्या.

फुकट आणि कायदेशीरही बरंच आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. हॉवर्ड पाइल १९११मध्ये वारला. त्याचा रॉबिन हूड (१८८३) आणि ‘मेन ऑफ आयर्न’ त्याच्याच चित्रांसकट प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावर आहेत. रॉबिन हूडची भाषा मुद्दाम जुनाट आहे, ‘दाऊ’ आणि ‘दी’ पहिल्या पानापासून, आणि अखेरीस रॉबिन दगाफटक्याने मरतो. पाइलच्याच ‘ऑटो ऑफ द सिल्व्हर हँड’ (१८८८) या नावात चांदीचा हात का आहे ते आधीच सांगून ठेवतो: लहान मुलाचा खरा हात तोडला जातो. ‘किशोर’चे १९७१पासूनचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन ठेवले आहेत. मोबाइलवर वाचायला देऊ नका. टॅबवर किंवा चाळीसेक पानं छापून द्या. मोबाइलवर तिसऱ्या मिनिटाला दुसरं काहीतरी उघडतं.

वाचनालयात

हिराचंद नेमचंद वाचनालय असो, शासकीय जिल्हा ग्रंथालय असो की जुळे सोलापुरातलं एखादं छोटं वाचनालय, बालविभागाच्या फळीपाशी थांबू नका. तिथे बहुधा पाचवीपर्यंतचं असतं. तुम्हाला हवं ते कादंबऱ्यांच्या आणि अनुवादित पुस्तकांच्या कपाटात निघतं. ‘काका, जादूचं काहीतरी द्या’ म्हटलं तर परीकथांचा गठ्ठा पुढे येतो. ‘नाथमाधवांचं वीरधवल आहे का, नसेल तर दातारांचं काय आहे?’ असं विचारलं की काका चष्मा पुसतात, आतल्या खोलीत जातात आणि धूळ झटकत तीन पुस्तकं आणतात. नाव आणि लेखक, दोन्ही सांगायचं. वर्गणी भरताना दोन पुस्तकांची सोय घ्या: एक आत्ता झेपेल असं, एक थोडं जड. जड राहिलं तरी बिघडत नाही.

शब्दांचा डबा, आणि भुईकोट

इंग्रजी शिलेदारी पुस्तकात पहिल्या पन्नास पानांत तीसएक शब्द अडतात आणि मग तेच परत परत येतात. एका कार्डावर लिहून पुस्तकातच ठेवा. नाइटला ‘शिलेदार’ हा आपला शब्द जवळचा. शिलेदाराचा घोडा आणि हत्यारं स्वतःची, बारगिराला ती सरकारातून मिळायची. फरक एवढा की युरोपातल्या नाइटला धन्याकडून बहुधा जमीन मिळे आणि शपथ घ्यावी लागे. पेज म्हणजे सातव्या वर्षापासून वाड्यात राहून शिकणारा पोरगा. चौदाव्या वर्षी तो स्क्वायर होई, म्हणजे एका शिलेदाराच्या हाताखालचा. एकविसाव्याच्या सुमारास नाइट. हेल्मेटला शिरस्त्राण, व्हायझर ही त्याची वर सरकणारी तोंडावरची झडप. लान्स हा घोड्यावरून मारायचा लांब भाला. मोट म्हणजे खंदक, कीप म्हणजे बालेकिल्ला. पोर्टकलिसला आपल्याकडे शब्द नाही: दरवाजात वरून खाली सोडायची जड जाळी.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत कार्ड घेऊन भुईकोट किल्ल्यात जा. दुहेरी तट, खंदक, बुरूज, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. पोराला सांगा, यातलं काय काय सापडतं ते कार्डावर खूण कर, आणि काय सापडत नाही ते लिही. पोर्टकलिस सापडणार नाही. दख्खनेत दरवाजाला हत्तीची धडक बसायची भीती, म्हणून फळ्यांवर अणकुचीदार खिळे मारत. नळदुर्ग बघून आलात तर आणखी मजा. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, आणि असला महाल एखाद्या लेखकाने रचला असता तर अतिशयोक्ती म्हटली असती.

वयापुढची मुलं चुका पकडण्यात रमतात, त्यांना तेही खाद्य द्या. पूर्ण पोलादी चिलखत पंधराव्या शतकातलं, आणि वजन १५ ते २५ किलो, अंगभर वाटलेलं. ते घालून माणूस घोड्यावर चढे, पळे, पडला तर उठे. घोड्यावर यारीने (क्रेनने) चढवावं लागे ही नंतरची थाप. तलवार एक-दीड किलोची. आर्थर खरंच होऊन गेला असेल तर तो पाचव्या-सहाव्या शतकातला, म्हणजे चित्रांतलं त्याचं चकचकीत चिलखत हजारेक वर्षं आधी आलंय.

बिघडलं तर

पन्नास पानं वाचून नको झालं तर सोडू द्या. फक्त का नको ते एका वाक्यात सांगायला लावा. ‘कंटाळवाणं’ हे उत्तर धरू नका, कुठल्या पानापासून ते विचारा. पान चाळीसच्या पुढचं निघालं तर गोष्टीचा दोष, पहिल्या दहातलं निघालं तर वाचून दाखवण्याने सुटतं.

रात्री भीती वाटली तर पुस्तक काढून घेऊ नका. काढून घेतलेल्या पुस्तकातला राक्षस मेलेलाच नसतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बसून ते प्रकरण संपेपर्यंत एकत्र वाचा. एकाच मालिकेला मूल चिकटलं आणि दुसऱ्याला हात लावत नसेल तर मालिकेच्या दोन भागांत एक वेगळं, पातळ पुस्तक असा नियम घाला. वर्णनं गाळून वाचत असेल तर गाळू द्या. पानं किती झाली हे पाहुण्यांसमोर मोजून दाखवत असेल, तर तिथे जरा थांबा आणि मोजणं आपणच सुरू केलं होतं का ते आठवा.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारी बारा ते चार बाहेर जाता येत नाही, वाचायला याहून बरी वेळ नाही. पण पुस्तकं पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. जाड पेपरबॅकच्या पाठीचा डिंक तापून कडक होतो, नंतर पुस्तक पूर्ण उघडलं की पाठ मधोमध तडकते आणि पानं सुटायला लागतात. नवीन जाड पुस्तक आधी पुढून दहा-दहा आणि मागून दहा-दहा पानं हलक्या हाताने दाबत मधोमधपर्यंत या, मग वाचायला द्या. सुटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, दोन उन्हाळ्यांत ती पिवळी पडून अक्षरं घेऊन निघते. पानाच्या कडेला बोटाने अगदी पातळ फेव्हिकॉल लावा, पान जागेवर बसवा आणि रात्रभर वरवंट्याखाली दाबून ठेवा.